अस्थिरता : एक प्रात्यक्षिक

आमच्या नात्यागोत्यात माझ्या फजितीच्या गोष्टींना चांगली मागणी आहे. लग्नात जेवणं आटोपली की मांडवाच्या कडेला खुर्च्या गोल होतात आणि कुणीतरी म्हणतंच, मास्तर, ती हाराची सांगा. मग मी शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांऐवजी त्यांच्या ड्रायव्हरला हार घातला आणि तो बिचारा दोन मिनिटं भाषणही करून मोकळा झाला, ती सांगतो. निवडणुकीच्या ड्यूटीत मतदानाच्या खोलीला बाहेरून सील लावलं, सही ठोकली, आणि मग आतून कुणीतरी दार वाजवायला लागलं, ती सांगतो. जरा तिखटमीठ लावतो. आपणच आधी हसलं की दुसऱ्याला चिमटा काढायला जागा राहत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

ही गोष्ट मात्र मी अजून कुठल्याच मांडवात सांगितलेली नाही.

झालं असं. शाळकरी मुलांसाठी मराठीत विज्ञानाचा एक शब्दकोश करायचं काही मंडळींनी घेतलं होतं. त्यांच्या संपादकबाईंचा मला फोन आला. चौतीस वर्षं पाथर्डी तालुक्यातल्या हायस्कुलात मी भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन नगरला राहायला आलो, तेव्हापासून असा सन्मानाचा फोन मला फक्त विमावाल्यांचाच येत होता. बाई म्हणाल्या, ‘अस्थिरता’ या संज्ञेवर तीनशे शब्दांची नोंद हवी आहे; वेगवेगळ्या शास्त्रांत तिचा अर्थ काय होतो, ते मुलांना कळेल असं लिहा. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. संध्याकाळच्या फिरण्यात हे रसायनशास्त्राच्या माझ्या निवृत्त मित्राला जरा सावकाश, आवाज खाली आणून सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, मला अकरा नोंदी दिल्यात.

मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. वाटीत गोटी ठेवा, हलकेच ढकला; ती वर चढते, मागे येते, पुन्हा बुडाशी बसते. ही स्थिरता. वाटी पालथी घाला, गोटी वर ठेवा, तेवढाच धक्का द्या. ती जाते ती जातेच, आणि जितकी जाते तितकी जास्त जोरात जाते. ही अस्थिरता. हे मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा दाखवलंय की घरातल्या निम्म्या वाट्यांना पोचे आहेत. पण मित्रानं नोंद वाचली आणि नाक मुरडलं. त्याचं म्हणणं, तुझ्या गोटीला धक्का तरी लागतो, माझ्या पदार्थांना तोही लागत नाही. जखमेवर लावायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली कपाटात नुसती ठेव, कुणी हात लावू नकोस. काही काळानं उघडशील तर नुसतं पाणी. कुणी ढकललं त्याला? वेळेनं.

मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, तो हवामानाच्या खात्यात आहे. त्यानं सांगितलं, जमिनीलगतची हवा थोडी वर उचलली गेली आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच राहिली, तर ती आपोआप आणखी वर जात राहते. आम्ही त्याला अस्थिर हवा म्हणतो. सर, तुमच्या तिकडं मार्चमध्ये गारा पडतात ना, त्या तिच्याच. अणूचं मी स्वतःच लिहिलं : अस्थिर अणुकेंद्रक फुटणार हे नक्की, पण ढिगातलं कुठलं आणि कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. तीनशे शब्द केव्हाच ओलांडले. वैद्यकाचा परिच्छेद तेवढा रिकामा राहिला होता.

तो दादानं भरला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तिसगावपासून आत, आमच्या गावी, शेती तोच बघतो. सत्तरी ओलांडली. त्याची शेतातली ओळख एका गोष्टीची : कडब्याची गंजी रचावी तर त्यानं. ज्वारी काढून झाली की कणसं खुडलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात आणि त्या वर्षभर गुरांना पुरवायच्या म्हणून रचून ठेवतात. खालून पेंढ्या फेकणारे दहा मिळतात. गंजीवर उभं राहून त्या झेलणारा, बुडखा बाहेर, शेंडा आत, असं थर चढवत नेणारा, मधला भाग सतत उंच ठेवणारा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर उतरावं, असा माणूस गावात एखादाच असतो. दादाची गंजी चार पावसाळे काढते. शिमग्याच्या आसपास पाच-सहा घरचे लोक त्याला बोलवायला येतात. तो त्यांना लगेच हो म्हणत नाही. आधी चहा घेतो, मग कडबा किती, विचारतो, मग आभाळाकडं बघतो. तेवढ्यापुरता तो गावचा कलेक्टर असतो.

मी बी. एस्सी. झालो त्या वर्षी दादाला शिकवायला गेलो होतो. म्हणालो, गंजीचा गुरुत्वमध्य पायाच्या मधोमध आला पाहिजे, कड सरळ पाहिजे. त्यानं मला पन्नास-साठ पेंढ्यांची एक वेगळी गंजी रचायला दिली. मी ओळंबा लावून रचली. चारही कोपरे असे सरळ, की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. चौथ्या दिवशी ती शेजारच्या शेरडाच्या गोठ्यावर जाऊन बसली. शेरडू वाचलं. दादा एवढंच म्हणाला, “कडबा बसतो, मास्तर. भित बसत न्हाई.” तेव्हापासून तो मला मास्तरच म्हणतो. तेव्हा मला नोकरीसुद्धा लागलेली नव्हती.

तर दिवाळीला गावी गेलो, तेव्हा दादा चालताना पाय उचलत नव्हता, ओढत होता. उजवा हात मांडीवर ठेवला की बोटं आपली आपण चालत, अदृश्य तंबाखू मळल्यासारखी. आवाजही खाली गेला होता. वहिनी म्हणाल्या, दोनदा पडले, एकदा गव्हाणीपाशी आणि एकदा नुसतंच, सपाट जमिनीवर. म्हणून मी त्याला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बारीक अंगाच्या. त्यांनी दादाला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. मग भिंतीला पाठ करून त्या स्वतः त्याच्या मागं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाबा, आता मी तुम्हाला मागं ओढणार आहे. तुम्ही तोल सांभाळायचा, हवं तर एखादं पाऊल मागं टाकायचं. आणि त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरून एकदाच, झटक्यात ओढलं.

दादानं पाऊल टाकलं नाही. एकसुद्धा नाही. तो उभाच्या उभा मागं आला, फळी कलावी तसा, आणि बाईंच्या हातांत येऊन थांबला. बाईंचे हात आधीपासूनच तिथं होते. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, “पोश्चरल इन्स्टॅबिलिटी. शरीराची अस्थिरता.”

मी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. भाऊ समोर खाटेच्या कडेला बसलाय, सदऱ्याची बटणं लावायचा प्रयत्न करतोय, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा : हे तर माझ्या गोटीचंच झालं. लहान धक्का द्या आणि बघा, मागे येते की जाते. भौतिकशास्त्र आणि वैद्यक इथं एक आहेत. परिच्छेद झाला. बाईंनी विचारलं, काय लिहिताय? मी म्हणालो, औषधांच्या वेळा. त्यांनी अजून औषधं सांगितलीही नव्हती.

मग सांगितली. आजार कंपवाताचा. गोळ्यांनी आखडलेपण सुटेल, हात-पाय मोकळे होतील, पण तोल मात्र गोळ्यांना फारशी दाद देत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. उंचावर चढायचं नाही. झाडावर नाही, शिडीवर नाही. मी विचारलं, गंजीवर? त्यांना गंजी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी हातानं उंची दाखवली. त्या हसल्या नाहीत.

परतताना दादा गाडीच्या काचेतून बाहेर बघत राहिला. केडगाव सोडलं, एवढंच मला आठवतं. आमचं गाव एकीकडं, आणि मी रस्ता चुकून गाडी भलतीकडं नेली होती. ती चूक नेहमीच्या दिवशी असती तर तो महिनाभर मला त्यावरून ऐकवत राहिला असता.

गोळ्यांनी खरंच फरक पडला. संक्रांतीला गेलो तर दादा अंगणात फेऱ्या घालत होता, पाय बऱ्यापैकी उचलत होता. शेतात ज्वारी हुरड्याच्या पुढं गेली होती. चहा पिताना तो सहज म्हणाला, औंदा कडबा उंच हाय, गंजी मोठी व्हईल. चढायच्या आधी पायाला तेल लावून घेतो. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. नंतर आत बोलावून त्यांनी मला सांगितलं की दोघांनी आधीच येऊन बोलावणं केलंय आणि ह्यांनी चहा पिऊन आभाळाकडं बघितलंय. माझं ते ऐकत न्हाईत, भाऊजी. पोराचं तर न्हाईच. तुमचं ऐकतील. तुमी शिकलेले हायत.

शिकलेला माणूस किती घातक असतो, हे त्या माउलीला तोवर माहीत नव्हतं.

मी बाहेर आलो आणि दादाशी बोलायला लागलो. तो म्हणाला, बरा झालोय मी, बघतोस न्हवं. मी म्हणालो, गोळ्यांनी तोल येत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टरनं गंजी बघितलीय का. पुतण्या टेम्पो धुवत होता, तोही बादली ठेवून आला. वहिनी उंबऱ्यावर येऊन बसल्या. तीन माणसं समोर बसली की मला काहीतरी होतं. चौतीस वर्षांची सवय. तोंडानं सांगून मुलांना पटत नाही, करून दाखवलं की पटतं, हे माझं शिक्षकाचं सगळं भांडवल. मी म्हणालो, दादा, ऊठ. आपण बघूच. तू तोल सांभाळलास तर मी स्वतः गंजीला शिडी लावून देतो.

दादा उठला. त्याला अट पटली, मला वाटतं. तो अंगणाच्या मधोमध, फरशीवर उभा राहिला, पायात अंतर घेऊन, पैलवानासारखा. मी त्याच्या मागं गेलो. वहिनींना आणि पुतण्याला म्हणालो, पायांकडं लक्ष द्या. पाऊल मागं पडतं का, ते बघायचं. आणि डॉक्टरीणबाईंनी ओढलं होतं तसंच त्याचे खांदे धरून ओढलं.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

वर्गात मी हजार वेळा गोटीला धक्का दिला असेल. धक्का दिला की हात लगेच काढून घ्यायचा असतो. हात तिथं राहिला तर गोटी हाताला अडते आणि निरीक्षण बिघडतं. आणि दुसरी गोष्ट : धक्का दिल्यावर शिक्षकानं एक पाऊल बाजूला व्हायचं असतं, नाहीतर मागच्या बाकावरच्यांना दिसत नाही. मी हात काढून घेतला आणि एक पाऊल बाजूला झालो.

दादा पडला त्याचा आवाज मोठा नव्हता. कांद्याची गोणी टेकवावी तेवढाच. त्यानं मागं वळून बघायचा प्रयत्न केला असावा, कारण तो उजव्या कुशीवर पडला. मी त्याच्या पायांकडं बघत होतो. पाऊल मागं पडलं नव्हतं. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं.

खुबा मोडला होता. पुतण्यानं टेम्पोत गादी टाकली, आम्ही त्याला उचलून ठेवलं, वहिनी पायाशी बसल्या, मी डोक्याशी. नगरपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला दादाचा चेहरा आवळला जायचा आणि सुटायचा. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं, म्हणजे धरायचं काम मला जमत नव्हतं असं नाही. मला वाटत होतं, आता रडू येईल, आता छातीत काही होईल. काही झालं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपल्याच ओठाला बोट लावलं तर ते दुसऱ्याच्या ओठाला लावल्यासारखं वाटतं, तसं माझं सगळंच झालं होतं. नोंदीत एक वाक्य चुकलंय, एवढं मात्र मला सारखं आठवत होतं. हवेच्या परिच्छेदात ‘आपोआप’ हा शब्द दोनदा आला होता.

दवाखान्यात कोण कोण भेटायला आलं. प्रत्येकजण विचारी, कसं झालं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खोलीतच होतो. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून गोष्ट निघते ती हसण्याच्या जागांसह निघते. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं आधीच ठरलेलं असतं. त्या दिवशी काहीच निघालं नाही. दादाच म्हणाला, गव्हाणीपाशी शेणात पाय सरकला. पुढच्या माणसालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की लोक वाकून ऐकत, आणि तरी तो प्रत्येकाला पूर्ण सांगे : गव्हाणी, शेण, उजवा पाय. वहिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या असत. त्या मधे बोलल्या नाहीत. पुतण्याही नाही. मलाही कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर निदान कुठं लागलंय ते कळलं असतं.

ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. मी बाहेरच्या बाकावर दिवस काढले. खालच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि तर्री पुन्हा मागून घेतली. झोपही छान लागायची. तिथंच, त्या बाकावर, मी नोंद पुरी केली. वैद्यकाचा परिच्छेद चार ओळींचा झाला. शेवटी सगळ्या शास्त्रांत सारखं काय, ते लिहिलं : अस्थिर अवस्थेत धक्का लहान असतो, परिणाम मोठा असतो. संपादकबाईंचा आठवड्यात फोन आला. म्हणाल्या, फार नेमकं झालंय सर, इतकं कोरडं आणि स्वच्छ लिहायला हल्ली जमत नाही लोकांना. मी आभार मानले. खरंच कोरडं झालं होतं. लहान धक्का देतं कोण, हे कुठल्याच शास्त्रात विचारायची पद्धत नाही, म्हणून मीही ते लिहिलं नव्हतं.

ज्वारी निघाली. दादा तोवर घरी आला होता, वॉकरची चौकट धरून खाटेपासून दारापर्यंत जात होता. गंजीचा प्रश्न आता उरला नव्हता, म्हणजे कुणी चढायचं हा तेवढा उरला होता. बोलावणारे दोघं दुसरीकडं गेले. आपला स्वतःचा कडबा मात्र शेतात पडून होता. पुतण्या म्हणाला, यंत्र लावून बारीक कुट्टी करू, पोत्यांत भरू, ही झंझट कशाला. दादा खाटेवरून म्हणाला, गंजीच रचायची. मग पुतण्यानं मला फोन केला. त्यानं मला बोलावलं नाही, तो फक्त म्हणाला, बाबा म्हणतात, मास्तरला चढव.

आता माझं वय सदुसष्ट. पोट असं, की बुटाची नाडी बांधायची तर श्वास धरून बांधावी लागते. पण पुतण्या क्विंटलभर वजनाचा. तो वर चढला असता तर गंजीची गादी झाली असती. आणि ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतायची होती. मी गेलो. नाही म्हणायचा हक्क माझ्याकडं होता असं मला वाटलं नाही.

दादाला खुर्चीत बसवून खळ्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत ठेवलं. तो हळू बोलायचा, पुतण्या ते मोठ्यानं मला सांगायचा, आणि बोलताबोलता खालून पेंढी फेकायचा. बुडखा भायेर. कोपरा दाब. मधी भर. लई सरळ नको, जरा पोट राहू दे. पहिले तीन थर मी जमिनीवर चालावं तसा चाललो. चौथ्यापासून कळलं की गंजी पायाखाली हलते. अख्खी नाही, जिथं पाय ठेवाल तिथं ती खचते आणि शेजारी फुगते. पेंढी झेलायला वाकलो की तोल पुढं जायचा, ठेवायला वळलो की मागं. मी दोनदा गुडघ्यावर आलो, एकदा चक्क पालथा पडलो आणि पेंढी माझ्यावर. खाली वहिनी पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि कळशी खाली ठेवली. हसल्या नाहीत. एरवी ही गोष्ट मी पाच लग्नं पुरवून सांगितली असती.

दादा पन्नास वर्षं ह्याच्यावर उभा राहिला होता. उभा राहिला होता हे खरं म्हणजे चूक. तो सारखा सावरत होता, प्रत्येक पेंढीला, आणि खालून बघणाऱ्याला तो उभा दिसायचा. हे मला माझ्या नोंदीत घालता आलं असतं. ती तोवर छापायला गेली होती.

दुपार कलली तेव्हा गंजीचा माथा झाला. दोन माणसांपेक्षा उंच. आता उतरायचं. रचून झालेल्या गंजीला शिडी टेकवत नाहीत, बाहेरच्या पेंढ्या सुटतात. रीत अशी, की एक सोल, म्हणजे जाड दोर, गंजीवरून आरपार टाकायचा. पलीकडच्या बाजूला एकानं त्याचं टोक धरून ठेवायचं, आणि अलीकडून वरच्यानं दोराला धरून घसरत यायचं. वरच्याला पलीकडचा दिसत नाही. मधे गंजीचा माथा असतो. हे टोक धरायला दादा पुतण्याखेरीज कधी कुणाला सांगत नसे.

मी दोर पलीकडं टाकला. खाली काहीतरी बोलणं चाललेलं ऐकू आलं. वहिनींचा आवाज, मग पुतण्याचा, तो नाही नाही म्हणत होता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग पुतण्या ओरडला, काका, बाबा म्हणतात, दोर मी धरतो.

मी वर बसून राहिलो. दोर माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता, अगदी बारीक, एका ठेक्यात. तंबाखू मळावी तसा. ती थरथर कुणाची, हे मला सांगायची गरज नव्हती. खाली, उतरायच्या बाजूला, गोठ्याची फरशी होती. मी विचार केला, पुतण्याला सांगावं, तूच धर. तोंड उघडलं सुद्धा. मग मिटलं आणि पाय खाली सोडले.

दोर ताणला गेला आणि एक वीत सरकला. मग थांबला. मी घसरत आलो, पोट घासत, तळहात घासत. पायाला जमीन लागली तेव्हा वहिनी तिथं उभ्या होत्या, हात पुढं करून, आणि मी खाली आल्यावर त्यांनी तो मागं घेतला.

मी वळसा घालून पलीकडं गेलो. दादा खुर्चीत बसला होता. दोराचा त्यानं पाठीवरून एक वेढा घेतला होता, टोक मनगटाला दोनदा गुंडाळलं होतं, पाय दगडाला लावले होते. खुर्चीच्या मागं पुतण्या जमिनीवर बसून दोन्ही हातांनी खुर्ची धरून होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. दादाच्या मनगटावर दोराचा वळ उठला होता. मी तो सोडवायला वाकलो. माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती, दोराला रक्त लागत होतं, पण झोंबत काही नव्हतं. तशा हातांनी मी एक वेढा सोडवला.

तेव्हा दादा बोलला. इतक्या हळू की मागं बसलेल्या पुतण्यालाही ऐकू गेलं नसावं.

“धरलं का न्हाई म्या?”

मी म्हणालो, “धरलंस.”

“मंग,” दादा म्हणाला, आणि तोच हात आणखी पुढं केला, दुसऱ्या वेढ्यासाठी. तो सोडवताना माझे हात झोंबायला लागले.